बाबांची वही आणि बर्लिनचा पास

बाबांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात एक छोटी वही आणि दोन पेनं असतातच. दुसरं पेन पहिलं चाललं नाही तर म्हणून. जूनमध्ये मला ऑफिसच्या कामासाठी हॅम्बुर्गला जायचं होतं. त्याआधी आठवडाभर बाबांना बर्लिन दाखवायचं ठरलं. व्हिसा, विमान, खोली हे सगळं विनासायास झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. गंमत झाली ती तिकिटांची, आणि तिची नोंद त्या वहीत तारीखवार आहे. हे लिहिताना ती वही माझ्यासमोर उघडी आहे.

मंगळवार : ठक्

बर्लिनचा विमानतळ शहराबाहेर आहे आणि रेल्वे स्टेशन थेट त्याच्या पोटात. मी निघण्याआधीच तिकिटाचं ॲप फोनवर घेतलं होतं, कार्डही त्यात भरून ठेवलं होतं. पैसे भरायची वेळ आली तेव्हा बँकेनं ओटीपी पाठवला माझ्या नेहमीच्या नंबरवर. ते सिमकार्ड मी विमानात काढून, हरवू नये म्हणून, एका डबीत घालून बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं. बाबा शांतपणे म्हणाले, "यंत्र आहे ना समोर?"

होतं. त्यावर कार्ड टेकवलं आणि दोन कागदी तिकिटं बाहेर आली.

इथे थोडं भाड्याबद्दल. बर्लिनचे तीन विभाग आहेत, ए, बी आणि सी. शहराभोवती लोकलचा एक गोल मार्ग आहे, त्याच्या आतला भाग ए. तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी. हद्दीबाहेर सी, आणि विमानतळ त्यात येतो. २०२५ मध्ये एबीचं साधं तिकीट ३.८० युरोला होतं, एबीसीचं ४.७० ला. नवखे लोक विमानतळावर नेमकं एबीचं तिकीट काढतात. भुयारी रेल्वे म्हणजे यू-बान, ट्राम आणि बस बीव्हीजी ही संस्था चालवते. एस-बान म्हणजे लोकल वेगळ्या कंपनीकडे आहे. तिकीट मात्र सगळ्यांना एकच चालतं, त्यामुळे कुणाच्या यंत्रातून काढलं याची चिंता नको.

आम्ही एस४५ च्या फलाटावर उभे होतो. माझं लक्ष पाटीवर, बाबांचं तिकिटावर. सायकल धरून उभा असलेला एक म्हातारा गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना. त्यानं बाबांच्या हातातल्या तिकिटाकडे बोट दाखवलं, मग फलाटावरच्या एका लाल पेटीकडे, आणि हातानं ठोकल्याची खूण केली.

तिकीट काढलं म्हणजे झालं, असं इथे नाही. यंत्रातून निघालेलं साधं तिकीट गाडीत चढण्याआधी त्या पेटीच्या फटीत सरकवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्क्यात वेळ आणि ठिकाण असतं. तो नसेल तर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. या पेटीचं जर्मन नाव 'एंटवेर्टर', शब्दशः अर्थ किंमत काढून घेणारा. बाबांना हे फार आवडलं. "किंमत काढून घेतल्याशिवाय तिकिटाला किंमत नाही," असं म्हणत त्यांनी दोन्ही तिकिटं स्वतः ठोकली. ठक्, ठक्. सायकलवाल्या आजोबांनी मान डोलावली.

आणखी एका गोष्टीनं बाबा बुचकळ्यात पडले. फाटक नाही, अडसर नाही, कुणी अडवत नाही. रस्त्यावरून सरळ जिना उतरा आणि गाडीत बसा. हेर्मानश्ट्रासेला उतरून बाहेर आलो तरी बाबा मागे वळून बघत होते. "तिकीट कुणी घेतलंच नाही," म्हणाले, आणि ते वहीत चिकटवून टाकलं.

बुधवार : दोन पास, दोन पंथ

सकाळी सिम डबीतून बाहेर आलं. मी फोनवर जर्मनी-तिकीट घेतलं. २०२५ मध्ये ५८ युरोत पूर्ण महिना, देशभरातल्या सगळ्या शहरांतल्या बस, ट्राम, भुयारी रेल्वे, लोकल आणि प्रादेशिक गाड्या. आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या त्यात नाहीत. मला पुढे हॅम्बुर्गमध्ये दोन आठवडे काढायचे होते, म्हणून ते परवडत होतं. फक्त ध्यानात ठेवा : हा पास नसून वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. मी घेतल्या घेतल्या रद्द केली. तो महिना संपेपर्यंत तिकीट चालतंच. त्यावर तुमचं नाव असतं, त्यामुळे सोबत ओळखपत्र लागतं. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडून दाखवावं लागतं.

बाबांनी फोनमधलं तिकीट साफ नाकारलं. "फोन बंद पडला तर तिकीट कुठंय?"

"बंद कशाला पडेल, बाबा?"

"मी आपलं विचारतोय."

त्यांनी यंत्रातून सात दिवसांचा एबीचा कागदी पास घेतला. तो ज्या दिवशी ठोकाल त्या दिवसापासून सातव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. आठवडाभर राहणाऱ्याला त्यात काही कटकट नाही. मग वहीत उभी रेघ मारून त्यांनी रकाने पाडले : वाहन, कुठून, कुठे, आणि 'साधं तिकीट काढलं असतं तर'. पास वसूल कधी होतो ते त्यांना बघायचं होतं. नियमही स्वतःच घातले. साधं तिकीट दोन तास चालतं आणि त्यात हव्या तेवढ्या गाड्या बदलता येतात, पण उलट फिरता येत नाही. म्हणून जाताना गाड्या बदलल्या तरी एकच तिकीट धरायचं, परतीचं वेगळं. आपल्याला अनुकूल होईल अशी नोंद एकही नाही. नोकरीत असताना त्यांना फितवायला किती जण आले असतील, आणि तसेच परत गेले असतील, असं मला उगाच वाटलं.

पहिल्या दिवसाचं फिरणं म्हणजे बस १००. भिंत पडल्यावर १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिन जोडणारी ही पहिली बस. प्राणिसंग्रहालयापासून आलेक्झांडरप्लात्झपर्यंत जाताना विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा वाडा, संसद, ब्रांडेनबुर्ग दरवाज्याचा परिसर, लिंडन झाडांचा रस्ता असं सगळं तिच्या वाटेवर येतं. पर्यटकांच्या महागड्या बसगाड्या हेच दाखवतात. दुमजली आहे, वरच्या मजल्यावर अगदी पुढचं बाक मिळेपर्यंत थांबा. आम्ही दोन बस सोडल्या.

बसमध्ये पुढच्या दारानं चढायचं आणि चालकाला तिकीट दाखवायचं. बाबांनी आपला पास दोन्ही हातांत धरून चालकाच्या डोळ्यांसमोर नेला आणि तसाच धरून ठेवला. चालकानं पास पाहिला, बाबांकडे पाहिलं, आणि फक्त त्यांच्यासाठी मान लववून नमस्कार केल्यासारखं केलं. बाबा जिना चढताना म्हणाले, "चला, कुणीतरी पाहिलं एकदाचं."

वरून उतरल्यावर स्टेशनबाहेर स्ट्रॉबेरीच्याच आकाराची, लालचुटूक टपरी दिसली. आत एक मुलगी, समोर स्ट्रॉबेरीच्या पाट्या. जूनमध्ये बर्लिनभर अशा टपऱ्या असतात. अर्धा किलो घेतली, ती बागेतल्या बाकावर बसून संपली. वहीत तिची नोंद 'अल्पोपाहार' अशी आहे.

गुरुवार : सहा बंद स्टेशनं

आमची रोजची गाडी यू८. तिचा इतिहास मला वरवर ठाऊक होता, पण नीट कळला तो नॉर्डबानहोफ स्टेशनात. तिथे खालच्या मजल्यावर 'भुताच्या स्टेशनां'चं कायमचं प्रदर्शन आहे. वेगळं तिकीट नाही, उतरा आणि बघा.

१९६१ मध्ये भिंत उभी राहिली, तेव्हा पश्चिम बर्लिनच्या दोन भुयारी मार्गांचा आणि एका लोकल मार्गाचा मधला तुकडा जमिनीखालून पूर्वेत येत होता. मार्ग पश्चिमेचे, स्टेशनं पूर्वेची. त्यावर निघालेला तोडगा असा की पश्चिमेच्या गाड्या पूर्वेखालून जातील पण थांबणार नाहीत, आणि या वापराबद्दल पश्चिम पूर्वेला पैसे देईल. जिने विटांनी बुजवले. अंधुक दिव्यात बंदूकधारी पहारेकरी आणि त्यांच्या पुढून हळू जाणारी गाडी. हे अठ्ठावीस वर्षं चाललं.

प्रदर्शनात एक आजी आपल्या नातवाला नकाशा दाखवत होत्या. बाबा त्यांच्या मागे उभे राहून तोच नकाशा बघत होते. आजींनी इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. मग म्हणाल्या, मी पश्चिमेच्या उत्तर भागात वाढले आणि मावशी दक्षिणेला राहायची. दर रविवारी आईबरोबर यू८ नं मावशीकडे. फोल्टाश्ट्रासे सोडलं की आई पुस्तक मिटायची आणि मॉरित्झप्लात्झ येईपर्यंत उघडायची नाही. मधली सहा स्टेशनं. "आई पुस्तक का मिटायची?" बाबांनी विचारलं. आजींनी खांदे उडवले. म्हणाल्या, मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

बाबांनी तो भाग वहीत उतरवून घेतला. बेर्नाउअर श्ट्रासे, रोझेनथालर प्लात्झ, वाइनमाइस्टरश्ट्रासे, आलेक्झांडरप्लात्झ, यानोवित्झब्रुके, हाइनरिश-हाइने-श्ट्रासे. भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, आणि दोनच दिवसांनी यानोवित्झब्रुके उघडलं. सगळ्यात आधी तेच.

दुपारी फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाशेजारचा 'अश्रूंचा महाल' पाहिला. पूर्वेतून पश्चिमेत परतणाऱ्यांची तपासणी व्हायची तो काचेचा हॉल. निरोप द्यायला आलेले नातेवाईक दारातच थांबायचे, म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलं. प्रवेश फुकट आहे. पासपोर्ट तपासायची ती अरुंद खोपटी अजून तशीच आहे. बाबा तिच्यात शिरून उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी फोटो काढले. दिवसभर मी फोटोच काढत होते, शिवाय नकाशा उघडाच होता.

रात्री यू८ नं परत येताना बाबा बोटांवर ती सहा स्टेशनं मोजत होते. सहाव्यावर तीन जण चढले, साध्या कपड्यांतले, एकाच्या हातात कॉफीचा कप. दारं मिटली आणि कप हातात असलेल्यानंच खिशातून ओळखपत्र काढलं. "तिकिटं, कृपया."

मी फोन काढला. काळा पडदा. बटण दाबलं, बॅटरीचं रिकामं चित्र आलं आणि गेलं.

बाबांनी खिशातून पास काढला. त्याला त्यांनी जुन्या डायरीच्या प्लास्टिकचं वेष्टन केलं होतं. तपासनिसानं शिक्का पाहिला, छान म्हणाला आणि माझ्याकडे वळला. मी परिस्थिती सांगितली. तो अगदी सौम्यपणे म्हणाला की बॅटरी ही प्रवाशाची जबाबदारी आहे. विनातिकीट प्रवासाला इथे ६० युरो दंड. पण माझ्या नावाचं तिकीट त्या वेळी चालू होतं हे नंतर दाखवलं तर ७ युरोंवर भागतं. पासपोर्टवरून नाव लिहून घेतलं, एक कागद दिला, आणि उतरताना म्हणाला, "वडिलांचं ऐकत जा." हे त्याला कुणी शिकवलं?

बाबा अक्षरही बोलले नाहीत. घरी आल्यावर वहीत नवा रकाना पडला होता : 'इतर.'

शुक्रवार : चुकीच्या दिशेची गाडी

सकाळी ग्राहक-कार्यालयात कागद दाखवला, चार्ज केलेला फोन दाखवला, ७ युरो भरले. रांगेसकट वीस मिनिटं. फोनवर तिकीट बाळगणाऱ्यांनी पॉवरबँक पासाचाच भाग समजावी. दुसरं असं की ॲपवर काढलेलं साधं तिकीट विकत घेतल्या क्षणी सुरू होतं, त्यामुळे ते गाडीत चढण्याआधीच घ्या. समोरून तपासनीस येताना दिसल्यावर घेतलेलं तिकीट त्यांना वेळेवरून लगेच कळतं.

मग मायबाखउफरचा तुर्की बाजार. कालव्याच्या काठानं भरतो, मंगळवारी आणि शुक्रवारी, उतरायचं यू८ च्या श्योनलाइनश्ट्रासेला. कापडाचे ठाण, ऑलिव्हच्या बरण्या, चीजच्या चकत्या, आणि दुपार झाली की भाज्या स्वस्त करण्यासाठी चाललेली आरोळ्यांची चढाओढ. एक बाई मोठ्या उलट्या तव्यावर पापडासारखी पातळ पोळी लाटून, आत पालक आणि चीज भरून भाजत होत्या. गोझलेमे. बाबांनी आधी लाटणं बघितलं. बारीक, काठीसारखं. "एवढ्या बारीक लाटण्यानं पोळी फाटत कशी नाही?" त्यांनी मला विचारलं, मी इंग्रजीत बाईंना, त्यांनी तुर्कीत शेजारच्या मुलाला, त्यानं जर्मनमध्ये आणखी कुणाला, आणि उत्तर परत आलं : फाटते, पण आम्ही ती स्वतः खातो.

संध्याकाळी उत्तरेला 'श्योनहाउझर आले' या स्टेशनला जायचं होतं. गोल मार्गावर दोन गाड्या आहेत. एस४१ घड्याळाच्या दिशेनं, एस४२ उलटी. नकाशावर हा गोल कुत्र्याच्या डोक्यासारखा दिसतो आणि बर्लिनकर त्याला तेच म्हणतात. आम्ही गप्पांच्या नादात चुकीच्या गाडीत बसलो. तीन स्टेशनांनी माझ्या लक्षात आलं.

"उतरू या," मी म्हटलं.

"का? गोल आहे ना? मग पोचेलच."

पूर्ण फेरी ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, एक तास. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळाचं मोकळं मैदान गेलं. पुढे घरांच्या मागच्या बाजू, गच्चीवर कपडे वाळत घालणारा एक मुलगा, रुळांकडेच्या टीचभर बागांतल्या लाकडी खोल्या, कारखान्यांची धुराडी. समोर एक बाई आपल्या म्हाताऱ्या डॅशहुंडला मांडीवर घेऊन झोपल्या होत्या. कुत्रा जागा होता आणि प्रत्येक स्टेशनवर दाराकडे बघायचा, जणू त्याच्यावर उतरायची जबाबदारी आहे. भिंत झाल्यावर हा गोल तुटला होता आणि तो पुन्हा पुरा जुळला २००२ मध्ये. बाबांना मी ते सांगितलं तेव्हा ते खिडकीतून मागे वळून रुळांकडे बघत होते, जोड कुठे दिसतोय का म्हणून.

साधं तिकीट असतं तर मी तिसऱ्या स्टेशनवर उतरून, दोन तासांचा हिशेब करत, समोरच्या फलाटावर धावले असते. खरं तर गोल फिरणं साध्या तिकिटात बसतही नाही. पासवाल्याला चुकायची मुभा असते. बाबांनी वहीत या फेरीसाठी 'शेरा' असा रकाना काढला आणि लिहिलं : चुकून. हीच नोंद होती बारावी. बारा गुणिले ३.८०, ४५.६०. "माझा पास वसूल," असं त्यांनी भर डब्यात जाहीर केलं. डॅशहुंड भुंकला.

शनिवार : बोटीवर पास

बर्लिनच्या पासात बोट बसते, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. वानझेला लोकलनं जायचं, स्टेशनसमोरच्या धक्क्यावर एफ१० ही फेरी लागते, ती वीस मिनिटांत सरोवरापलीकडे क्लाडोला नेते. एबीचा पास पुरतो. बाबांनी चढताना विचारलं, मध्ये विचारलं, उतरताना परत विचारलं, "नक्की ना?"

मधोमध असताना पाऊस आला. वरचा मजला रिकामा झाला, आम्ही दोघं आणि सायकलवाली चार जणांची एक टोळी तेवढी राहिली. सायकलींवर ताडपत्री टाकून त्यांनी तिच्या एका टोकाखाली बाबांनाही घेतलं. शिडाच्या होड्या एकाएकी किनाऱ्याकडे वळल्या. पाण्यावर पावसाचे थेंब असे काही उडत होते की सरोवराला काटा आल्यासारखं वाटत होतं. क्लाडोला उतरेपर्यंत ऊन.

धक्क्याजवळच्या बागेत उकडलेले बटाटे आणि सोबत कांद्याची पात घातलेला, घट्ट दह्यासारखा क्वार्क खाल्ला. शाकाहारी माणसानं हे नाव पाठच करावं. बाबांनी दोनदा मागवलं.

रविवार : पोट्सडाम, थोडक्यात

पोट्सडाम सी विभागात. मला काही करावं लागलं नाही. बाबांच्या एबी पासाला सीचं पुरवणी तिकीट जोडावं लागलं, ते पूर्ण तिकिटापेक्षा बरंच स्वस्त पडतं. लोक हे विसरून आख्खं एबीसी तिकीट काढतात.

सांसूसीच्या राजवाड्यात गर्दी होती. आम्ही बाहेरच्या द्राक्षांच्या पायऱ्यांवरच रमलो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश तिथेच पुरलेला आहे, साध्या दगडाखाली, कुत्र्यांशेजारी, आणि त्या दगडावर लोक फुलांऐवजी बटाटे ठेवतात. त्यानं प्रजेला बटाटा लावायला लावला म्हणून. बाबांना कालचा क्वार्क आठवला आणि त्यांनी हात जोडले.

परतताना ९३ नंबरच्या ट्रामनं ग्लीनिकर पुलापर्यंत गेलो. शीतयुद्धात याच पुलावर हेरांची अदलाबदल झाली, पहिली १९६२ मध्ये. पुलाच्या दोन अर्ध्यांचा हिरवा रंग वेगवेगळा आहे असं म्हणतात. मला दिसला, बाबांना नाही.

सोमवार : सुट्टी

सणाची सुट्टी, दुकानं बंद. वाहतूक मात्र चालू. म्युझियम आयलंडच्या भुयारी स्टेशनात नुसतंच जाऊन बसलो. २०२१ मध्ये उघडलेलं, रुळांवरचं छत गडद निळं आणि त्यात तारकांसारखे साडेसहा हजारांहून जास्त दिवे. गाड्या येत होत्या, जात होत्या. पास असला की स्टेशन बघायलाही जाता येतं.

रात्री पांढरं शतावर, म्हणजे श्पार्गेल. जूनच्या शेवटी त्याचा मोसम संपतो, तोवर प्रत्येक हॉटेलच्या दाराशी त्याचीच पाटी. लोण्यात घोळलेलं, बटाट्यांबरोबर. बाबांचं मत : "भेंडी परवडली."

मग वही उघडली. एकूण बावीस तिकिटं, ८३.६० युरो. बाबांचा पास त्याच्या निम्म्याच्या आसपास पडला होता. माझे ५८ सोळाव्या तिकिटाला निघाले असते, पण बाबांनी 'इतर' मधले ७ मिळवले. ६५. सतराव्याला होतात ६४.६०. चाळीस सेंटांनी कमी.

"पोट्सडामची दोन तिकिटं ४.७० नं धरा," मी भांडले. "ती एबीसीची होती."

त्यांनी चष्मा लावून पुन्हा बेरीज केली, खाडाखोड केली, बाजूला सही केली. ६६.४०. सतराव्याला पास वसूल, आणि खाली, 'दंड धरून'.

मंगळवार : विमानतळ

बाबांच्या पासाचा शेवटचा दिवस. त्यांना सोडायला मी एस४५ नं निघाले. फलाटावर सीचं पुरवणी तिकीट यंत्रातून काढलं, पेटीत सरकवलं. ठक्. आता बाबा फलाटावरच्या दुसऱ्या प्रवाशांवरही नजर ठेवून होते. एका तरुण जोडप्याच्या हातात कोरी तिकिटं दिसताच त्यांनी घसा खाकरला आणि पेटीकडे बोट दाखवलं.

सुरक्षातपासणीच्या दाराशी आम्ही वेगळे झालो. मी परत स्टेशनकडे निघाले, जिना उतरत होते तेवढ्यात फोन वाजला. बॅटरी ८८ टक्के.

"अगं, तू आता परत शहरात जाशील ना?"

"हो, का? काही राहिलं का?"

"राहिलं नाही. एबीसीचे ४.७० तुझ्या नावावर लिहिलेत. चुकून कुठे दुसरीकडे गेलीस तर कळव."